मार्लिसचा वजनकाटा आणि अर्धवट निरोप

वाटेल ते करीन, पण मेहुण्याला विचारणार नाही, असं व्हर्लिन स्टेन्सरूडने ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

विचारायचं होतं ते एवढंच, की नवा कॅम्पर पिकअपच्या मागे जोडायचा कसा. (नवा म्हणजे व्हर्लिनला नवा. आधीच्या मालकाने त्यातून दोन कुत्री आणि एक सासू देशभर फिरवून आणली होती.) पलंग, शेगडी, मोरी, सगळं आत असलेलं ते चाकांवरचं घर अंगणात उभं होतं आणि शेजारच्याच घरात त्याच्या बायकोचा, मार्लिसचा, भाऊ आर्लो राहत होता, ज्याने वीस वर्षं असले कॅम्पर ओढले होते. पण व्हर्लिनचं उत्तर तयार होतं.

"माझा बाप जन्मभर होडी ओढायचा. गाडीच्या मागे लोखंडी गोळा, गोळ्यावर होडीचं नाक. झालं."

"हं," मार्लिस म्हणाली, "वेगळं आहे."

मिनेसोटात बायको 'वेगळं आहे' म्हणाली की शहाण्या माणसाने हातातलं काम खाली ठेवावं. व्हर्लिन शहाणा नव्हता, पोस्टातून निवृत्त झालेला होता.

आणि घाईही होती. त्यांची लेक ब्रिटा मॉन्टानात, डोंगराच्या कुशीत राहत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. घर एवढंसं, पाहुण्याची खाट एकच. अंगण मात्र ऐसपैस. कॅम्पर तिथे उभा राहिला तर आजी-आजोबा दोघंही नातवंडाच्या पहिल्या रडण्याला हजर. नाहीतर एकटी आजी. व्हर्लिनने त्या बाळासाठी लाकडाचं बदकसुद्धा कोरून ठेवलं होतं. (ते बीव्हरसारखं दिसत होतं, पण जीव ओतलेला होता.)

पहिली फेरी संध्याकाळची. गोळ्यावर कॅम्परचं नाक टेकलं आणि पिकअपचं शेपूट खाली बसलं, तोंड वर झालं. हायवेला लागल्यावर तर मजाच. शेजारून मोठा ट्रक गेला की कॅम्पर मागे कंबर हलवायचा, आणि व्हर्लिन स्टिअरिंग फिरवायचा ते गाडीच्या मनात आलं तर ती ऐकायची. मार्लिसने दाराची मूठ धरली ती सोडली नाही.

व्हर्लिनला मात्र एका गोष्टीचं फार बरं वाटलं. इथे गावाकडच्या रस्त्यावर समोरून कोणी आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतात. त्या दिवशी समोरचा प्रत्येक जण चक्क दिवे लुकलुकवत होता. व्हर्लिननेही एकेकाला बोट उचलून परत रामराम केला.

"बघ, कॅम्परवाल्यांना लोक किती मान देतात."

घरी आल्यावर मार्लिसने कोट टांगला आणि म्हणाली, "आणखी एकदा बसेन. पुन्हा असंच झालं तर कॅम्पर विकायचा. मी विमानाने ब्रिटाकडे जाईन, तू घरी आपल्या कुत्र्याजवळ राहा."

आता नाक मुठीत धरणं आलं. पण विचारायला म्हणून कसा जाणार? व्हर्लिन आर्लोची शिडी परत करायला गेला. (ती त्याने कधीचीच दाबून ठेवली होती.) आर्लोने कॉफी ओतली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि खिडकीतून कॅम्परकडे बघत म्हणाला, "दाजी, तारे बघायला निघाला होतात का परवा?"

"का?"

"गाडीचं तोंड आभाळाकडे होतं म्हणून म्हटलं."

मग आर्लोने स्वयंपाकघरातलं लाटणं आणि बशी घेऊन समजावलं. कॅम्परच्या नाकाचं ओझं नुसत्या गोळ्यावर टाकलं की सगळा भार मागच्या चाकांवर येतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि हलक्या चाकांनी गाडी वळत नाही. म्हणून ओझं वाटून देणारा हिच, म्हणजे जोड, लावायचा. त्याला दोन पोलादी दांड्या असतात. त्या ताणून अडकवल्या की थोडा भार पुढच्या चाकांवर जातो, थोडा कॅम्परच्या चाकांवर.

"घरातल्यासारखंच आहे, दाजी. सगळं एकट्या बाईच्या डोक्यावर टाकलं की घर डगमगतं."

"मग कुठलाही हिच आणतो."

"तसं नाही. दांड्या ओझ्याच्या मापाच्या हव्यात. नाजूक घेतल्या तर काही उपयोग नाही, फार दणकट घेतल्या तर गाडी हाडं खिळखिळी करते. आधी कॅम्पर प्रवासाला भरा तसा भरा आणि त्याचं नाक किती जड आहे ते वजनकाट्यावर मोजा. पोस्टात पाकिटं मोजत होतात ना?"

पाकिटांचा विषय काढल्यावर व्हर्लिनचं डोकं फिरलं. तो उठला आणि सरळ निघाला.

यातली चूक तुमच्या लक्षात यायची नाही. इथे निरोप हे निवांत काम असतं. आधी मांडीवर थाप मारून 'बरं तर' म्हणायचं, मग बसून राहायचं, मग दारात उभं राहायचं, मग अंगणात. कामाची गोष्ट नेहमी अंगणात निघते. व्हर्लिन मांडीवर थाप न मारता बाहेर पडला आणि आर्लोच्या पोटातलं शेवटचं वाक्य पोटातच राहिलं. ते असं होतं, की नाक घरच्या काट्यावर थेट ठेवू नका, धान्यवाल्यांच्या गाडीकाट्यावर जा.

व्हर्लिनने कॅम्पर भरला, बाथरूममधला मार्लिसचा वजनकाटा आणला आणि कॅम्परच्या नाकाखालचा लोखंडी पाय त्यावर टेकवला. काट्याने एकदा 'कटक' केलं. सुई गोल फिरली, पुन्हा फिरली आणि थांबली. पाय उचलल्यावर ती परत आली खरी, पण पूर्ण नाही. काट्यावर कोणीही नसताना काटा म्हणत होता की एक धष्टपुष्ट पोर उभं आहे.

व्हर्लिनने तो पुसून गुपचूप जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मार्लिस बाथरूममधून बाहेर आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. न्याहारीला कॅरॅमलचे रोल नव्हते. जेवणात बटाट्याच्या गोळ्यांची, भट्टीत भाजलेली हॉटडिश नव्हती, सेलरीच्या भाजीच्या कच्च्या काड्या होत्या.

"हे काय?" व्हर्लिनने विचारलं.

"आजपासून हेच. दोघांनाही."

व्हर्लिनच्या घशात काडी अडकली. खरं सांगावं तर ती चिडणार, कॅम्पर जाणार, नातवंडही हातचं जाणार. न सांगावं तर बिचारी बायको सशासारखी पाला खातेय. आठवडाभर तोही पाला खात राहिला. पँट ढिली झाली आणि मन जड झालं.

शेवटी धान्याच्या कोठारावर गाड्या मोजायचा मोठा काटा आहे, हे त्याला आपलं आपणच आठवलं. मार्लिसला घेऊन, कॅम्पर हळूहळू ओढत तो तिथे गेला. आधी नुसती पिकअप मोजायची, मग कॅम्पर जोडून, कॅम्परची चाकं काट्याबाहेर ठेवून. फरक निघेल ते नाकाचं वजन.

गाडी काट्यावर चढली तशी मार्लिस दार उघडू लागली.

"कुठे चाललीस?"

"उतरते. माझ्यामुळे आकडा चुकायचा."

व्हर्लिनला ते सहन झालं नाही. त्याने तिचा हात धरला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं, काटा, कटक, सुई, सेलरी. "तू अजिबात जाड झालेली नाहीस, मार्लिस. मीच नालायक आहे. कॅम्पर विकायचा तर वीक, पण आज हॉटडिश कर."

"मला माहीत आहे," मार्लिस म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"काट्यावर गोल खड्डा पडलाय, व्हर्लिन. मी कितीही जड झाले तरी माझा पाय गोल नाही."

"मग पाला कशाला खाल्लास?"

"तुझ्यासमोर चघळला तेवढाच. मी रोज दुपारी आर्लोकडे रोल खात होते. डॉक्टरांनी तुला पोट कमी करायला सांगितलंय, तू ऐकत नव्हतास." तिने दार लावून घेतलं. "बसते मी. जाताना गाडीत दोघं असणार, तर मोजतानाही दोघं बसू."

'जाताना दोघं' हे शब्द व्हर्लिनने मनात दोनदा घोळवले आणि त्याला भरून आलं.

नाक भलतंच जड निघालं, कारण व्हर्लिनने सगळी हत्यारं आणि लोणच्याच्या बरण्या पुढच्या कप्प्यात कोंबल्या होत्या. थोड्या बरण्या मागे, कॅम्परच्या चाकांच्या वर हलवल्या, पुन्हा मोजलं, त्या मापाच्या दांड्या आणल्या, आणि आर्लोने हिच लावून दिला. पिकअप कशी जमिनीला समांतर, सरळ उभी राहिली. या खेपेला व्हर्लिनने निरोप पुरता घेतला. मांडीवर थाप मारली, दारात उभा राहिला, अंगणात तर मच्छर चावेपर्यंत उभा राहिला. तेव्हा कुठे आर्लो म्हणाला, "थोडं अंतर गेल्यावर थांबून नट पुन्हा आवळा हं, दाजी."

निघायला संध्याकाळ झाली. व्हर्लिनने नट आवळले. मोठाले ट्रक शेजारून गेले, कॅम्पर शहाण्या गाईसारखा मागे येत राहिला. मार्लिसने दाराची मूठ सोडून विणकाम हातात घेतलं.

"वाईट नाही," ती म्हणाली.

तिच्या माहेरी याहून मोठं कौतुक नसतं. व्हर्लिनला आभाळ ठेंगणं झालं. फक्त एकच गोष्ट त्याला खटकत होती.

"मार्लिस, आज कोणीच दिवे लुकलुकवत नाही गं. लोक एवढे तुसडे कधी झाले?"

मार्लिसने हातातली ओळ संपवली. "ते रामराम करत नव्हते, व्हर्लिन. आपले दिवे त्यांच्या डोळ्यांत जात होते. ते शिव्या घालत होते, आणि तू प्रत्येकाला बोट दाखवत होतास."