चिडलेल्या माणसाचं संगीत

"दादा, तुमच्या राक्षसाला झोप येतेय," गेम कंपनीचा प्रमुख फोनवर म्हणाला आणि संगीतकारांचं डोकं फिरलं. बारा वर्षं त्यांनी शेतीच्या, माशांच्या, फुलपाखरांच्या गेमना संगीत दिलं होतं. मऊ बासरी, सावकाश पियानो, सगळं कसं गुळगुळीत. आता नव्या गेममधल्या राक्षसाशी होणाऱ्या शेवटच्या लढाईला संतापलेलं संगीत हवं होतं. पाचपर्यंत जमलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"मला राग दाखवता येत नाही म्हणतो. मला." त्यांनी खोलीचं दार धाडकन लावलं.

"अहो, त्या दारानं तुमचं काय घोडं मारलंय?" बायकोनं बाहेरून विचारलं.

ते तडक पियानोशी बसले. ढोल वाढवले, रणशिंगं घातली, पियानोवर अक्षरशः मुठी आपटल्या. दहा मिनिटांनी वाजवणं थांबवलं, तर थोड्याच वेळात दारावरची घंटी वाजली. दारात वरच्या मजल्यावरची शेजारीण, खांद्यावर तान्हं बाळ. संगीतकार भांडायच्या तयारीनंच पुढे झाले.

"भावजी, बंद का केलंत? आत्ता कुठे डोळा लागला होता त्याचा."

"वहिनी, ते युद्ध आहे."

"असू दे हो. चालू ठेवा तेवढं."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आगीतच त्यांनी सगळं पुन्हा वाजवलं. बाहेर सोफ्यावर सासऱ्यांच्या हातातला पेपर छातीवर घसरला. बायको दाराला टेकून डोळे मिटून ऐकत होती.

"छान झालंय हो."

"छान व्हायला नकोय ते," संगीतकार ओरडले आणि पाचाला पाच मिनिटं असताना जसं होतं तसं पाठवून दिलं.

साडेसहाला फोन आला. त्यांनी प्रमुखाला बोलूच दिलं नाही. "नका देऊ काम. पण मी चिडलो होतो, हे लिहून ठेवा. जन्मात एवढा चिडलो नव्हतो."

"दादा, ऐका तर. चार पोरांना खेळायला बसवलं. राक्षस समोर आला की चौघांचे हात सैल पडतात. एक तर टेबलावर डोकं टाकून घोरतोय. या राक्षसाला कोणी हरवूच शकत नाही."

"मग?"

"मग काय, पुढच्या गेममधले सातही राक्षस तुमचेच. फक्त असेच चिडत राहा."

संगीतकारांना इतका आनंद झाला, की राग पार पळाला. पियानोशी बसले, उठले, पुन्हा बसले. काही सुचेना. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाले, "जरा मला काहीतरी टोचून बोल ना. कामाचा प्रश्न आहे."

तिनं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. "तुम्हाला कुठे हो राग येतो," ती म्हणाली.

संगीतकार तरातरा आत गेले आणि कामाला बसले.