एस्तरबाई सुईण यांणी हुकुमावाचून हात घातला त्याची हकीकत

॥ जिच्या उदरी राजा वाढला आणि रंकही वाढला, तिचे स्मरण आधी, मग लेखणी हाती धरणे ॥

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते काळी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्याच्या पश्चिम अंगास डोंगरी परगणा, आणि परगण्यात सरकारचे आरोग्यठाणे, आठ खाटांचे. ठाण्याचे मुख्य वैद्य डॉक्टर विनायकराव मुजुमदार, आणि त्यांचे हाताखाली एस्तरबाई साळवे म्हणोन परिचारिका, त्याच सुईणही, वय त्रेचाळीस, वीस वर्षे एके जागी चाकरी. यजमान शमुवेल मास्तर शाळेत शिकवीत. बाईंचे हातून परगण्यात इतकी बाळंतपणे जाहली होती की बाजारास निघाल्या म्हणजे निम्मी पोरे त्यांस मावशी म्हणत. दुसरी परिचारिका कौसल्या ढवळे, वय सव्वीस, बाईंपाशीच काम शिकलेली, ती बाईंस ताई म्हणे.

ते मासी एके दिवशी दोन प्रहरी लहानू भांगरे हा आपली बायको तारा हीस डोलीत घालोन घेऊन आला आणि घटकाभरात ती प्रसूत जाहली, मुलगी जाहली, सर्वांस समाधान वाटले. मग मुलामागून पडावयाची वार सुटेना. अर्धी सुटली, अर्धी आत अडकोन राहिली, आणि रक्त जाऊ लागले ते थांबेना. एस्तरबाईंणी सुई टोचावयाची ती टोचली, पोट चोळावयाचे ते चोळले, तितका अधिकार त्यांस होता. पुढे हात आत घालोन वार सोडवावी, हा अधिकार वैद्याचा, परिचारिकेस मनाई, ऐसा दरबारचा नियम भिंतीवर चौकटीत लाविला होता. मुजुमदार त्या दिवशी जिल्ह्याच्या बैठकीस गेलेले, फोन करावा तो लागेना, डोंगरात लागत नसे. मग गाडीत घातली आणि घाट उतरू लागले, आणि दुसऱ्या वळणावर तारा गेली. एस्तरबाईंचा हात तिच्या पोटावर तैसाच होता.

ठाण्यात परत आल्यावर लहानूने विचारिले, "बाई, काय करायला पाहिजे होतं ते तुम्हाला ठाऊक होतं का?"

बाई म्हणाल्या, "ठाऊक होतं."

"मग?"

"मला हुकूम नव्हता, लहानू."

त्याणे लेकीस फडक्यात घेतले आणि पायवाटेने निघोन गेला. बाईंस त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. मुजुमदारांणी चौकशीचा कागद भरिला, त्यात कोणाचाही कसूर नाही ऐसे लिहिले, आणि ते नियमाप्रमाणे खरेही होते.

पुढे शोभननाम संवत्सरी चैत्रात दरबारातून जाहीरनामा निघाला, तो ऐसा की अनुभवी परिचारिका आणि सुईणी यांजकरिता राजधानीस वरिष्ठ विद्यालय उघडिले आहे, तेथे दीड वर्ष पदव्युत्तर विद्या शिकावी, आणि जी उत्तीर्ण होईल तीस प्रसूतिसमयी आपल्या बुद्धीने निर्णय करण्याचा अधिकार मिळेल. एस्तरबाईंणी तो कागद शमुवेल मास्तरांकडोन दोन वेळा वाचून घेतला, जरी त्यांस स्वतः वाचता येत होते. मग अर्ज केला. मुजुमदारांणी तो बाजूस ठेविला. पुन्हा केला, पुन्हा ठेविला. तिसऱ्या वेळी बाई स्वतः समोर उभ्या राहिल्या. मुजुमदार वाईट मनुष्य नव्हते, थकलेले होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर ठाणं कोणी चालवायचं? बदली माणूस मागून मागून माझी जीभ झिजली. आणि या वयात परीक्षा कसल्या देता?"

बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही बैठकीला जाता तेव्हा ठाणं मीच चालवते. फक्त हात बांधून चालवते."

त्यावर मुजुमदारांणी सही केली. बदली माणूस मिळणार नाही, ऐसे सहीखाली लिहिले. बाईंचा पाय तेथेच अडखळला, परंतु कौसल्या म्हणाली, "ताई, तुम्ही जा. दीड वर्ष म्हणजे काय, बघता बघता जाईल. मी सांभाळते." आणि बाई गेल्या. या एका वाक्याचा भार पुढे दोघींणी वाहिला.

विद्यालयात तीस जणी. एस्तरबाई सर्वांत वडील. ग्रंथ सारे इंग्रजी, एकेका पानास तास लागे, समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत, आणि वर्गातील तरुण मुली त्यांच्या वह्या पाहून हसत आणि मग त्याच वह्या मागून नेत. मुख्य अध्यापिका अन्नम्माबाई, दक्षिणेकडील समुद्रकाठच्या, चाळीस वर्षे सुईणपणा केलेल्या, मराठी मोडके बोलत. रबरी बाहुलीच्या पोटात हात घालोन वार सोडविण्याचा पाठ चालू असता एस्तरबाईंणी ते काम ऐसे सफाईने केले की सगळा वर्ग जवळ सरकला. अन्नम्माबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "एस्तर, हात तुझा शिकलेला आहे. तोंड शिकलेला नाही. बाहुली मरते आहे आणि तू माझ्याकडे बघते, मी हो म्हणते का बघते. कशाला बघते?" मग सहा मास हेच शिकणे चालले, की नाडी पाहोन, रक्त पाहोन, काय होत आहे ते मोठ्याने सांगावे, आपण काय करणार तेही सांगावे, आणि कोणाच्या तोंडाकडे न पाहता करावे. नाडी आणि रक्त बाईंस वीस वर्षांपासून कळत होते. मोठ्याने सांगणे मात्र वीस वर्षांत कधी घडले नव्हते, ते सर्वांत जड गेले.

मग प्रबंध लिहावयाचा आला. बाईंणी विषय घेतला तो आपल्याच परगण्यात बाळंतपणी मेलेल्या बायकांचा. त्याच शोभन संवत्सरी माघात रजा घेऊन परत आल्या आणि अकरा घरी गेल्या, घरोघर ओसरीवर बसोन विचारिले, कळा केव्हा सुरू जाहल्या, कोणास बोलाविले, कोण आले, कोण आले नाही. कोठे चहा मिळाला, कोठे दार लाविले. अखेर लहानू भांगऱ्याच्या झोपडीपाशी गेल्या. मुलगी अंगणात दुडदुडत होती. लहानूने सर्व सांगितले, वेळेसह सांगितले, आणि शेवटी म्हणाला, "लिहिता ना? मग तुम्ही उभ्या होत्या तेही लिहा."

बाई म्हणाल्या, "लिहिते." आणि त्याच्यासमोर लिहिले, आणि वाचून दाखविले.

त्या मुक्कामी ठाण्यातही गेल्या. कौसल्या वाळली होती, डोळ्यांखाली काळे पडले होते. बाईंणी विचारिले तेव्हा "बरी आहे हो ताई" इतकेच म्हणाली आणि दुसऱ्या खाटेकडे धावली. बाईंणी ते पाहिले आणि तरीही राजधानीस परत गेल्या. परीक्षकांणी प्रबंध वाचून हरकत घेतली की संशोधकाने आपले स्वतःचे नाव दोषात घालू नये, तशी रीत नाही. अन्नम्माबाई आपली शिष्या काय म्हणते ते पाहात राहिल्या. एस्तरबाई म्हणाल्या, "मी तिथं होते. अकराव्यांदा काय झालं ते मी दुसऱ्या कोणाच्या नावावर लिहू?" मग परीक्षकांणी ते पान तैसेच राहू दिले. विश्वावसुनाम संवत्सरी चैत्रात निकाल लागला, बाई दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण जाहल्या.

परगण्यात परतल्या तो ठाण्यात कौसल्या नाही. मागील वर्ष क्रोधीनाम संवत्सर, त्या वर्षी कार्तिकात एके दिवशी दोन बायका एकाच वेळी अडल्या होत्या, वैद्य गावोगावच्या तपासणीस गेलेले, आणि कौसल्या एकटी या खाटेवरून त्या खाटेवर धावत होती. एकीची सुटका जाहली, दुसरीचे मूल पायाळू होते, ते गेले. दरबाराने निष्काळजीपणाची नोटीस बजाविली. कौसल्येने उत्तर लिहिले, "मी एकटी होते." उत्तर समाधानकारक नाही ऐसा शेरा पडला आणि तिणे राजीनामा देऊन माहेर गाठिले. हे वर्तमान शमुवेल मास्तरांस त्याच आठवड्यात कळले होते.

बाईंणी त्यांस विचारिले, "तुम्ही मला का नाही कळवलं?"

"कळवलं असतं तर तू परत आली असतीस."

"आले असते."

"म्हणून नाही कळवलं," मास्तर म्हणाले, आणि बाई दोन दिवस त्यांजशी बोलिल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी कौसल्येच्या गावी गेल्या. कौसल्या अंगणात मिरच्या निवडीत होती. बसावयास पाट दिला, पाणी दिले. बाई म्हणाल्या, "कौसल्या, माझ्यामुळं झालं." कौसल्या मिरच्या निवडीत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही शिकलात ना ताई? मग झालं तर." त्यात राग नव्हता आणि क्षमाही नव्हती. बाई सायंकाळच्या गाडीने परत आल्या.

मग दुसरे वर्तमान कळले, ते ऐसे की विद्या दिली खरी, परंतु त्या विद्येचे पद दप्तरात नाही, आणि अधिकाराचा हुकूम अद्याप निघालेला नाही. कारकुनाने पदवीचा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "हे कुठल्या रकान्यात लिहू?" मग रकाना सापडेना म्हणोन बाईंस जुन्याच हुद्द्यावर, जुन्याच ठाण्यात रुजू केले. भिंतीवरची चौकट तेथेच होती, काच मात्र नवी घातली होती.

श्रावणात सगुणा वाघ म्हणोन एक पहिलटकरीण आली. प्रसूत जाहली आणि वार अर्धी अडकली, आणि रक्त जाऊ लागले. मुजुमदार जिल्ह्यास गेलेले. सुई दिली, पोट चोळिले, रक्त राहीना, नाडी बारीक होऊ लागली, ओठ पांढरे जाहले. कौसल्येच्या जागी आलेली नवी परिचारिका दारात उभी, फोन कानास लावून, रडकुंडीस आलेली. एस्तरबाईंणी तिजकडे पाहिले नाही. मोठ्याने म्हणाल्या, "वार अडकली आहे. रक्त थांबत नाही. वाट पाहण्यात अर्थ नाही. मी हात घालून काढते. तू वेळ लिहून ठेव आणि सलाईन धर." मग सगुणेच्या कानाशी वाकोन म्हणाल्या, "बाळे, दुखेल. माझ्यावर ओरड." आणि हात घातला, आणि वार बोटांनी सोडवोन बाहेर काढली, आणि मग एक मूठ आतून आणि दुसरा हात पोटावरून ऐसे गर्भाशय दाबोन धरिले. एक घटका धरिले. बाहू बधिर जाहला तरी सोडिले नाही. रक्त उतरले, थेंबावर आले, थांबले. सगुणा जगली. आठव्या दिवशी मूल पदराखाली घेऊन आपल्या पायांनी गाडीत चढली.

परंतु हुकुमावाचून हात घातला ही गोष्ट दरबारास कळली, कारण बाईंणी स्वतःच नोंदवहीत जैसे घडले तैसे लिहिले होते. आश्विनात चौकशी बसली. आदले दिवशी मुजुमदार बाईंच्या घरी आले, कधी आले नव्हते ते आले, आणि चहा न घेता म्हणाले, "बाई, मी लिहून देतो की फोन लागला होता आणि मी तोंडी हुकूम दिला. तुम्ही फक्त होय म्हणा. प्रकरण मिटेल."

बाई म्हणाल्या, "साहेब, तुमचे उपकार. पण मग कागदावर काय राहील? हात तुमचा होता असं राहील. उद्या दुसऱ्या ठाण्यात फोन लागला नाही तर ती बाई पुन्हा उभीच राहील."

"तुमची नोकरी जाईल."

"कळतं मला," बाई म्हणाल्या. मास्तर बाजूस बसले होते, ते उठोन आत गेले.

चौकशीत तीन अधिकारी. त्यांणी विचारिले, "कोणाच्या हुकुमाने हात घातलात?" बाई म्हणाल्या, "कोणाच्याही नाही. तुम्हीच शिकवलंत, म्हणून घातला." अधिकाऱ्यांणी विचारिले, "बाई मेली असती तर?" बाई म्हणाल्या, "तर ते माझ्या नावावर असतं. न घालता मेली असती तर कोणाच्याच नावावर नसतं." हे उत्तर लिहोन घेतले. मुजुमदारांस विचारिले तेव्हा ते म्हणाले, फोन लागला नव्हता, आणि मी असतो तर हेच केले असते. इतके बोलण्यासही त्यांस धैर्य लागले, हे नमूद असावे. निकाल ऐसा जाहला की बाईंणी प्राण वाचविला हे खरे, नियम मोडिला हेही खरे, सबब बडतर्फी न करिता रुग्णसेवेतून दूर करावे. मग त्यांस जिल्ह्याच्या कपड्यांच्या कोठारात नेमिले. तेथे चादरी मोजोन देणे आणि मोजोन घेणे.

त्याच संवत्सरी फाल्गुनात दरबारातून अधिकाराचा हुकूम निघाला. चौकशीचे कागद वर गेले होते, त्यांजवर बराच खल जाहला, आणि कोणी शहाण्याने लिहिले की शिकवून हात बांधणे उचित नव्हे. तेव्हा विद्यालयातून उत्तीर्ण जाहलेल्या सर्व सुईणींस प्रसूतिसमयी स्वबुद्धीने हात घालण्याचा अधिकार दिला. खाली एक कलम होते, की ज्यांजवर शिस्तीची कारवाई जाहली आहे त्यांस हा हुकूम लागू नाही. ऐसी साऱ्या राज्यात एकच बाई होती.

अन्नम्माबाईंणी हुकुमाची प्रत टपालाने पाठविली आणि त्या कलमाबद्दल क्षमा मागितली, जरी ते त्यांणी लिहिले नव्हते. एस्तरबाईंणी तो कागद कोठारात उभ्याने वाचिला. बाहेर एक परिचारिका प्रसूतिगृहाकरिता चादरी न्यावयास आली होती, तिची घाई होती. बाईंणी कागद घडी करोन ठेविला आणि तीस वीस चादरी मोजोन दिल्या.

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. विद्यालय चालू आहे, एकोणतीस जणी आपापल्या ठाण्यात हात घालितात, आणि बायका वाचतात. कौसल्या ढवळे चाकरीस पुन्हा आली नाही. एस्तरबाई कोठारात आहेत. अधिक उणे लेखकाचे, खरे त्यांचे.