शिंगावर पडलेले नाना

पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळं गाव बैलांची शिंगं रंगवायचं. आमचे शेजारी तुकानाना मात्र पट्ट्या फाडत बसायचे. जुन्या धोतराच्या पट्ट्या, वाटीत हळद, आधाराला काठी. उद्या आपल्याला लागणार, याची त्यांना पक्की खात्री.

"नाना, अजून लागलंही नाही!"

"मंग ऐनवेळले धावपळ कोन करी, मास्तर?"

साठच्या दशकात अमळनेर तालुक्यातल्या त्या गावात मी शाळामास्तर होतो. नानांचा बैल हिऱ्या दर पोळ्याला सकाळी गोठ्यात नानांना लोळवायचा. कधी मांडी, कधी बरगडी. कमाल म्हणजे गोठ्याबाहेर हाच हिऱ्या अगदी गरीब. मिरवणुकीत पोरं त्याच्या पोटाखालून जायची, कानाशी ढोल वाजायचा, पण पठ्ठ्या जागचा हलत नसे. मागून नाना लंगडत, तोंडभर हसत. बैलाला कुणी नावं ठेवली की चिडायचे. "त्यानी काय चूक? मीच आडवा उनू!"

एका पोळ्याला मात्र कमरेवर चांगलंच फाटलं. गाडी जुंपायला लोक धावले, तर रक्तानं भिजलेले नाना ओरडले, "आज बैलले जुपानं नही!" सणाच्या दिवशी बैलाला जू लावत नाहीत, हे खरंच. मग काय, नानांना खाटेवर घालून एसटीच्या फाट्यापर्यंत आम्हीच बैल झालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?"

"पडनू."

"कशावर?"

"शिंगवर."

पाटलांनी मला गाठलं. "मास्तर, एकटा जीव शे. एखाद दिन गोठामा मरी पडी. तो बैल इकाले लावा. तुमनं ऐकी तो." मी टाळत राहिलो आणि पुढचा पोळा उजाडला, तेव्हा कुठे सकाळी नानांकडे गेलो.

गोठ्याचं दार लोटलं आणि मला हसूच फुटलं. धोतरावर हिरवं लुगडं गुंडाळून, मिशांवरून पदर घेऊन नाना उभे, हातात पुरणपोळीचं ताट! हिऱ्या पदरात तोंड खुपसून हुंगत होता, मान इकडून तिकडे फिरवत होता आणि त्याची शिंगं नानांच्या बरगड्यांवर आपटत होती.

"तिनं लुगडं शे," नाना ओशाळून म्हणाले. ती म्हणजे त्यांची बायको, मी गावात येण्याआधीच वारलेली. हिऱ्याला वासरापासून तिनंच वाढवलं होतं. "पोळानी पोळी तो तिनाच हातनी खाये. तो मारत नही, मास्तर. तिले शोधस."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. तरी बैल विकण्याचा पाटलांचा निरोप कसाबसा सांगितला. नाना हिऱ्याच्या वशिंडावरून हात फिरवत राहिले.

"याले इकी टाकं, ते मंग घरमा तिले शोधी कोन?"

मी जाऊन पाटलांना सांगितलं, नानांनी विचाराला वेळ मागितलाय.

हिऱ्या म्हातारा होऊन त्याच गोठ्यात मेला, तोवर नाना विचारच करत होते.