गंगाक्काची खुंटी

गंगाक्काच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, उंचावर, भिंतीत एक लाकडी खुंटी होती. तिच्यावर गंगाक्का कुणाला काही अडकवू द्यायची नाही. एकदा माझ्या मालकांनी विसरून छत्री अडकवली, तर तिनं ती काढून अंगणात नेऊन ठेवली. म्हणाली, "ही लाजेची खुंटी हाय. हितं छत्री लावू नगा."

आमच्या सोलापुरातल्या चाळीतलं कुणीही दवाखान्यात निघालं की आधी गंगाक्काच्या दारी जायचं. खुंटीला हात लावायचा. ती विचारायची, "ठेवलीस का लाज?" आपण म्हणायचं, "ठेवली." मगच निघायचं. परत येताना आपापली लाज घेऊन घरी. कोपऱ्यातल्या खोलीतले हमाल दगडूभाऊ मूळव्याधीसाठी निघाले, तेव्हा त्यांनाही तिनं सोडलं नाही. ते मिशीत हसत हात वर करू लागले, तर म्हणाली, "सावकाश. गड्याची लाज जड असती. खुंटी मोडंल."

गंगाक्का अक्कलकोटकडची. घरात कानडी, बाहेर मराठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कडक भाकरी करून विकायची. अंगानं उंच, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. तिचं म्हणणं एकच, "डॉक्टर काय देव न्हाय, न सांगता कळायला."

नुसता खुंटीला हात लावून भागत नसे. आधी तालीम व्हायची. पिठाचा रिकामा डबा पालथा घालून ती त्यावर बसायची. गळ्यात परकराचा नाडा, तीच तपासायची नळी. मग कपाळाला आठ्या घालून विचारायची, "एनाय्तु?" म्हणजे कानडीत, काय झालं? मराठी माणसालाही ती कानडीतच विचारायची. "बरं वाटत नाही," असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "ते तर मलाबी वाटत न्हाय. कुटं दुखतंय? बोट लाव." कधीपासून ते आठवत नसेल तर सण सांगायचा, पंचमीच्या आधी की नंतर. कुणाकडून गुपचूप काढा, झाडपाला घेतला असेल तर तोही सांगायचा. "डॉक्टर रागावला तर रागावू दे की. त्याचा राग औषधात उतरत न्हाय." मागच्या वेळचा कागद बरोबर न्यायचा. आणि गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे डॉक्टरला परत म्हणून दाखवल्याशिवाय उठायचं नाही.

मी चौथी शिकलेली. पण बाहेरच्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही. लग्नानंतर मला अंगावरून जायचा त्रास सुरू झाला. दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी विचारलं, आणि मी सांगितलं, डोकं दुखतं. डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी आले. गंगाक्कानं माझ्या चेहऱ्याकडं बघून सगळं काढून घेतलं.

"सुशे, डोक्याच्या गोळ्यांनी खालचं कसं बरं व्हईल गं? गोळीला काय वाट म्हाईत हाय?"

हे विचारताना मात्र तिनं आवाज अगदी खाली आणला होता. मग रोज मला डब्यासमोर बसवलं. "मोठ्यानं बोल. भिंतीला ऐकू गेलं पायजे." दुसऱ्यांदा गेले तेव्हा मान खालीच होती, पण खरं सांगितलं. बरी झाले.

दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. दुपारी चाळ रिकामी असायची. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये पत्र्याचा आडोसा. पलीकडून गंगाक्काचा आवाज आला, "एनाय्तु?" मला वाटलं, कुणाची तरी तालीम चालली आहे. "कुटं दुखतंय? बोट लाव." मग काहीच नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "एनाय्तु? कुटं?" पुन्हा काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. एवढं कोण लाजतंय म्हणून मी दारातून डोकावले.

डबा पालथा घातलेला होता. नाडा डब्यावर होता. गंगाक्का डब्यासमोर जमिनीवर बसली होती, एकटीच. एक हात पदराखाली.

सगळ्या चाळीची डॉक्टर ती. तिच्यासाठी डब्यावर बसायला कुणी नव्हतं.

मी आत गेले. नाडा गळ्यात घातला आणि डब्यावर बसले. विचारलं, "एनाय्तु, अक्का?"

"तुला कुटं कानडी येतंय?"

"एवढंच येतं."

मग तिनं माझा हात धरून पदराखाली नेला. डाव्या छातीत बोराएवढी गाठ होती. घट्ट, दाबली तरी हलत नव्हती.

"कधीपासून?"

"भोगीला बाजरीच्या भाकरी करून न्हाले, तवा लागली हाताला."

आता श्रावण लागला होता.

"दुखतं का?"

"दुखत न्हाय, म्हणून तर गप बसले. दुखलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या दवाखान्यात निघालो. मी खुंटीला हात लावला. ती तशीच बाहेर पडली. मी म्हटलं, "अक्का, खुंटी." ती म्हणाली, "चल गं, उशीर व्हतोय."

डॉक्टर तरुण होते. काय होतंय, त्यांनी विचारलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जिचा आवाज जायचा ती गंगाक्का जमिनीकडं बघत म्हणाली, "बरं वाटत न्हाय."

डॉक्टर कागदावर लिहू लागले. गोळ्या लिहितील आणि घरी पाठवतील, असं मला वाटलं.

"गाठ आहे," मी म्हणाले. "डाव्या छातीत. भोगीपासून आहे. दुखत नाही. औषध काही घेतलेलं नाही." बाहेरच्या बाकावरच्या माणसांनीही ऐकलं असेल.

ऑपरेशन करून छातीचा तो भाग काढावा लागला. आणखी थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढची हमी मात्र त्यांनी दिली नाही.

गंगाक्का घरी आली, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीशी उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवायची, रोज, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. गंगाक्कानं खुंटीचीच भिंत धरली. बोटं थोडी चढायची आणि थांबायची. भिंतीला कानडीत शिव्या बसायच्या. दगडूभाऊ एकदा म्हणाले, "अक्का, खुंटी जरा खाली ठोकून देऊ का?"

"हात लावून बघ. तुझीच लाज रस्त्यावर मांडते."

मी डब्यावर बसून बघत असायची. दवाखान्यात निघालेल्या बायका दारात थांबून राहायच्या. तिचं झाल्याशिवाय कुणी खुंटीला हात लावत नसे.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तिची बोटं खुंटीला लागली. तिनं हात खाली घेतला नाही. कपाळ भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.

मी विचारलं, "ठेवलीत का, अक्का?"

"ठेवली," ती म्हणाली. भिंतीला ऐकू गेलं असेल. बाहेर गेलं नाही.