खिरीचा डबा, मधुमालती आणि डिटेक्टिव्ह सासरे

"मधुमालती लावून राहिली तर लाव, पण फाटकापाशी नको. पाहता पाहता दाराले मिठी मारते ते," असं शेवंताबाईंनी सुनेला गेल्या वर्षी बजावलं होतं. श्रद्धा "हो आई" म्हणाली आणि तिनं रोप नेमकं फाटकापाशीच लावलं. नर्सरीवाला म्हणाला होता, "दीदी, देखते-देखते दीवार ढक देगी." बॉटनीत एमएस्सी झालेल्या बाईला सासूपेक्षा नर्सरीवाला जास्त शास्त्रीय वाटला, एवढंच.

हे सगळं ती विसरलीही होती. आठवलं तेव्हा घरात तपास सुरू झाला होता.

तपास म्हणजे भैयालाल. श्रद्धाचे सासरे. तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते, आता जबलपूरच्या महाराजपुरातल्या घरी निवृत्त. अर्थात निवृत्त हा सरकारचा शब्द.

"तू मले ओळखलंच नाही, सूनबाई," ते चहा ओतून घेत म्हणाले. "गोळ्यातली केसाएवढी भेग मी नुसत्या वासावरून सांगत होतो. साहेब लोक आधी मले विचारत, मग मशीनले. माझ्या जाण्यानं देशाचं नुकसान झालं, पण कॉलनीचं भलं झालं."

कॉलनीचं भलं म्हणजे रामरावांची हरवलेली चप्पल. ती भैयालालांच्याच पायात सापडली. गुन्हेगाराच्या इतक्या जवळ पोचलेला तपास इतिहासात दुसरा नाही, असं ते आजही सांगतात.

आताचं प्रकरण डब्याचं होतं. आषाढी पौर्णिमेला शेजारच्या हेमलताकाकूंकडे खीर गेली होती. काकू रेल्वेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा स्वप्निल पुण्यात. दोन घरांमधल्या भिंतीत एक लहानसं लोखंडी फाटक होतं आणि डबा तिथूनच जायचा-यायचा. जायचा खीर घेऊन, यायचा चिवडा घेऊन. रिकामा डबा परत करायचा नाही, हा दोन्ही घरांचा कायदा. यंदा मात्र खीर गेली, पाऊस लागून राहिला, श्रावण निम्मा सरला आणि डबा आलाच नाही.

"जाऊन पाहू का?" श्रद्धा म्हणाली.

"काहून? डबा मागाले?" शेवंताबाई म्हणाल्या. "त्यायची पाळी आहे. आपण गेलो तर म्हणतील, स्टीलच्या डब्यासाठी जीव चालला यांचा."

तेही खरंच होतं. पण श्रद्धाची काळजी वेगळीच होती. पुढच्या महिन्यापासून ती नेपियर टाउनच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवायला जाणार होती आणि तिची तान्ही मुलगी प्रणोती काकूंकडे राहणार होती. काकूंनीच तसं म्हटलं होतं. आता त्यांना ते नको असेल आणि तोंडावर सांगवत नसेल तर? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या प्रणोतीच्या फोटोंना एकच करडी टिक होती. तिनं फोन लावला, तर रेकॉर्डवरची बाई हिंदीत सांगायची की सेवा बंद आहे.

"संपर्क तोडला," भैयालाल समाधानानं म्हणाले. "पहिली थिअरी. खिरीत साखर कमी पडली, अपमान झाला."

"साखर मी टाकली होती," शेवंताबाई म्हणाल्या.

"मंग जास्त पडली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीला टेकून स्टूल मांडलं आणि वेलीच्या सावलीत पाळत सुरू केली. पाऊस आला की सहायकानं, म्हणजे सुनेनं, कडेवर पोर घेऊन छत्री धरायची. मधुमालती अशी माजली होती की भिंत दिसत नव्हती. झुबकेच्या झुबके लोंबत होते, आणि संध्याकाळी त्या वासानं प्रणोतीसुद्धा रडायची थांबायची.

"सूनबाई, इकडे पाह्य! काल हे फूल पांढरं होतं. आज गुलाबी. ते तिकडचं लाल. याचा अर्थ काय?"

"बाबा, मधुमालतीचं फूल—"

"दुसरी थिअरी. कोणीतरी वेलीवर केमिकल मारून राहिलं. आणि फवारा आला भिंतीपलीकडून."

"बाबा, ते उमलतं पांढरं आणि मग आपोआपच लाल होतं. मी शिकले आहे."

"पुस्तकातली फुलं आपोआप होत असतील. ही जबलपूरची आहेत."

तिसरी थिअरी अशी की काकू घर विकून पुण्याला गेल्या आणि आत भाडेकरू लपला आहे. पुरावा, काकूंच्या व्हरांड्यातला दिवा. तो भर दुपारीही जळत होता.

श्रद्धाला तो दिवा गच्चीवरून कालही दिसला होता. परवाही. विजेचं बिल आलं की काकू मीटरशी भांडायच्या. त्या बाईच्या घरी दिवसा दिवा?

"बाबा, मला भीती वाटून राहिली. मी जाते. डबा गेला खड्ड्यात."

"थांब! ती दिशाभूल आहे. घाईनं तपास नासतो."

"घाई?" शेवंताबाई विळा घेऊन बाहेर आल्या. "पोरगी बरोबर बोलून राहिली. उठा. फाटक उघडू द्या."

"कुठलं फाटक?"

"तुमच्या पाठीमागचं."

भैयालाल उठले. तिघांनी भिंतीकडे पाहिलं. फाटक नव्हतंच. पानं होती, फुलं होती, आणि आत कुठेतरी गजाला आणि कडीला सात पिळे घालून बसलेली वेल होती. डिटेक्टिव्ह चार दिवस त्यालाच पाठ लावून बसले होते.

शेवंताबाईंनी सपासप विळा चालवला. फाटक कुरकुरत उघडलं. पलीकडे, पायरीवर, हेमलताकाकू उभ्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"उघडलं का?" त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हीच बंद केलं."

"आम्ही काहून बंद करू?"

"न्हाणीत घसरले. सांगायला आले तर फाटक बांधलेलं. म्हटलं, अच्छा, पोर सांभाळायला माणूस मिळालं असेल, आता म्हातारी नको. रस्त्यानं फिरून यायचं तर चिखल. फोनचा रिचार्ज संपला."

"आणि डबा?" भैयालाल म्हणाले. केस अजून त्यांच्या हातात होती.

"एका हातानं काय करून भरू, भाऊ? रिकामा कसा देणार?"

"स्वप्निलला कळवलं नाही?" श्रद्धानं विचारलं.

"तो घाबरून धावत येईल. दूधवाल्यानं दवाखान्यात नेलं, तोच पाव आणून देतो."

"मग तो दिवसा दिवा?"

काकूंनी तुटलेल्या वेलीकडे पाहिलं. "तुझ्या सासूला दिवसाचा दिवा बघवत नाही. म्हटलं, बंद करा म्हणून सांगायला तरी कोणी येईल."

प्रणोतीनं कडेवरून दोन्ही हात पुढे केले आणि काकूंच्या बऱ्या हातात झेप घेतली.

"मले पहिल्या दिवसापासून वेलीवर संशय होता," भैयालाल म्हणाले. "म्हणून तर तिथं बसलो."

शेवंताबाई त्या दुपारी भाकरी, वरण आणि विळा असं तिन्ही घेऊन काकूंकडे गेल्या. संध्याकाळी डबा परत आला, मधुमालतीच्या फुलांनी भरून. रिकामा नाही. तो भैयालालांनी पुरावा म्हणून जप्त केला आहे. वेल आता गच्चीकडे वळवली आहे, आणि श्रद्धा रोज सकाळी आधी फाटक उघडून पाहते, मग चहा ठेवते.

तर वाचकहो, वेल जरूर लावा. फक्त हे वाचून झालं की एकदा उठा. शेजारी एकटं कोणी राहत असेल, त्यांचा डबा आला नसेल, दिवसा दिवा जळत असेल, तर थिअरी मांडत बसू नका. "दिवा बंद करा हो," म्हणायला जा.