वासुदेवच्या नमुन्यामागचे सामूहिक प्रयत्न

माणूस एकटा येतो आणि एकटाच जातो, हे थोरांनी सांगून ठेवलं आहे. मधल्या काळात लघवीला मात्र त्याने चारचौघांतच जावं, असं आमच्या कार्यालयाचं धोरण आहे.

कार्यालय रायपुरात, पंडरीच्या कापडबाजारामागे. पुरुष कर्मचारी एकोणीस, त्यांचं बाथरूम एक. दाराची कडी अकरा वर्षांपूर्वी निघून पडली. रजिस्टरात ती 'तात्पुरती अनुपस्थित' आहे. जुनी जमा केल्याशिवाय नवी देऊ नये असा नियम, अन् जुनी कुठं गेली ते कोणालेच ठाऊक नाही. (माजी स्टोअरकीपरच्या घरी एक कडी आहे, पण ती पितळेची आहे.)

पण म्हणून काही काम अडलं नाही. आतल्यानं आवाज देत राहायचा, बस. अकरा जण खोकतात, चार गुणगुणतात, दोघं फोनवर भांडतात, अन् यशवंतराव साहेब आतूनच फायलींना तोंडी मंजुरी देतात. राहिला वासुदेव. यवतमाळचा पोट्टा, लाजाळू. बाहेर चप्पल वाजली तरी त्याचं काम जागीच थांबे. दोन वर्षं तो ऑफिसात पाणीच प्यायला नाही. रायपूरच्या मे महिन्यातही नाही! आम्ही त्याले संयमी म्हणून नावाजत होतो.

नोकरी पक्की व्हायची वेळ आली अन् आरोग्य तपासणी लागली. नमुना पाहिजे. डॉक्टरांची गाडी बारा वाजता सिलतऱ्याच्या कारखान्याकडे निघणार. तोवर बाटली भरली नाही, तर नोकरी आणखी एक वर्ष कच्ची. घरी बायको इंदू, तिले सातवा महिना. पोट्ट्याचा चेहरा पाहून खरं सांगतो, मले वाईट वाटलं. साडेअकरा वाजता तो बाटली घेऊन आत गेला.

अशा वेळी माणुसकी असलेलं कार्यालय गप्प बसेल का? शिपाई श्यामरावनं दार धरलं. दार धरणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. आतल्याले एकटं वाटू नये म्हणून त्यानं दर मिनिटाले "झालं का भैया?" विचारायचं असते. आस्थापना शाखेच्या उल्का दीदी फॉर्म घेऊन आल्या (मर्यादा म्हणून पाठ करून उभ्या राहिल्या). कोणी बाहेरच्या बेसिनचा नळ सोडला. कोणी म्हणालं, लहान लेकराले करतात तसं करून पाहा. मग आम्ही सतरा जणांनी एका सुरात "शूऽऽ" केलं. एवढी एकी संपातही दिसली नव्हती. परिणाम उत्तम झाला, आमच्यापैकी सहा जणांले लागली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी दर पाच मिनिटांनी स्थिती टाकत होतो: 'प्रलंबित'.

कोणीतरी हे घरीही कळवलं. आत फोन वाजला. हातात बाटली असल्यानं त्यानं तो स्पीकरवर घेतला असावा, कारण इंदूचा आवाज सगळ्यांले साफ ऐकू आला, "अजी, झालं का?"

त्यावर वासुदेव पहिल्यांदाच बोलला. "तुम्ही सगळे जा ना इथून. हात जोडतो." (हात मोकळे नव्हते, पण भावना पोहोचली.)

आम्ही गहिवरलो. सगळ्यांनी जावं असं एकमतानं ठरलं. पण आधी कोणी जावं, यावर सेवाज्येष्ठतेचा प्रश्न निघाला, अन् तो मिटेपर्यंत बारा वाजाले दोनच मिनिटं राहिली. तेव्हा आम्ही तिथंच थांबलो, फक्त श्वास रोखून. इतकी शांतता झाली की आतली माशीही ऐकू येत होती.

दार उघडलं. वासुदेव बाहेर आला. बाटली त्यानं रुमालात गुंडाळून छातीशी धरली होती. त्याच्या तोंडाकडे कोणीच पाहिलं नाही. अठरा पुरुष अन् आता वळलेल्या उल्का दीदी, सगळे त्या रुमालाकडेच पाहून राहिले होते.

अन् तुम्ही, वाचकहो? तुम्हालेही एवढंच पाहिजे ना, बाटली भरली का रिकामीच आहे? मग तुम्हीही त्याच दारात उभे आहात. जरा सरका बाजूले, पोट्ट्याले जाऊ द्या. गाडी निघून राहिली आहे.