जावयाच्या मानाचा ब्रेड

"गहू बिलकुल बंद म्हंजे? एक पोळीबी न्हाई?" द्वारकाबाईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला, जणू त्या कानाला वेगळी बातमी ऐकू येणार होती.

"न्हाई, आई," पुण्याहून लेक शिवकन्या सांगत होती. "गहू पोटात गेला की यांना त्रास होतो. तू आपली भाकर कर. ज्वारी चालते."

"अन् गाव काय म्हणंल? लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, अन् द्वारकीनं जावयाला भाकर वाढली?"

दोन हजार चार सालचा अधिक श्रावण होता. भोकरदनच्या बाजूच्या त्या गावात भाकरी घरच्यांना चाले, गड्याला चाले, वेळ पडली तर तलाठ्यालाही चाले. अधिकात जेवायला आलेल्या जावयाला मात्र पुरण भरलेले कणकेचे धोंडे आणि पोळ्यांची चळत. अनारसे तांदळाचे, तेवढे निभावत होते. पण अनारशांवर माणूस तीन दिवस कसा काढणार?

"पुण्यात काय खातेत मंग?"

"बिनगव्हाचा ब्रेड मिळतो. महाग असतो पण."

द्वारकाबाईंनी 'महाग' हा शब्द ऐकलाच नाही. तो ऐकायला नवरा होता, रामराव.

जुन्या जालन्यात रामरावांनी सहा दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "आज बिनगव्हाचा ब्रेड मागून राह्यले, उद्या बिनदुधाचं दही मागताल." शेवटी बद्रीनाथशेठनं आतून एक पुडा आणला. विटेएवढा, वजनालाही तसाच.

"एकशे नव्वद."

"शेठ, ह्याच्यात हाये तरी काय?"

"काय हाये ते नका इचारू. गहू न्हाई."

"म्हंजे जे न्हाई त्याचे एकशे नव्वद?"

"न्हाई तेच महाग असतं, रामराव."

घासाघीस करून कोपरा चेपलेला पुडा दीडशेला मिळाला. वर शेठनं बजावलं, "थंड्यात ठेवा, न्हाईतर बुरशी येईन."

गावात वीज दिवसातून येऊन जाऊन असे. लाइट गेली तरी गार राहणारा फ्रीज एकच, जनावरांच्या दवाखान्यातला. कंपाउंडर मच्छिंद्रनं पुडा ठेवून घेतला. "मामा, वरच्या खान्यात लाळ-खुरकताची लस, खालच्या खान्यात तुमचे जावई. काळजी करू नका."

काळजी गावानं केली. त्या गावात ब्रेड हा आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचा पदार्थ. त्यात तो निघाला जनावरांच्या दवाखान्यातून. जावई देवानंदराव शिवकन्येला घेऊन एसटीतून उतरेपर्यंत त्यांचा आजार पार पुढच्या टप्प्याला गेला होता. संध्याकाळपर्यंत अकरा माणसं भेटून गेली, आणि प्रत्येकानं येताना एकेक ब्रेड आणला. गव्हाचा. "खा, जावईबापू, ताकद येईन," असं म्हणून एका म्हाताऱ्यानं त्यांचा दंडही चाचपून पाहिला.

जेवायला बसल्यावर द्वारकाबाईंनी मानाच्या ब्रेडच्या दोन कापांमध्ये पुरण घातलं, वर तुपाची धार सोडली आणि त्याला धोंडा म्हणून ताटात ठेवलं. देवानंदरावांनी घास घेतला. मुरूम पुरणात कालवल्यासारखं लागलं. पण जावई सभ्य होता.

"छान झालंय, मामी."

तीच चूक झाली. जावयाला आवडलं म्हटल्यावर द्वारकाबाईंनी आणखी चार काप वाढले, आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं रामरावांना पुन्हा जालन्याला पिटाळलं. या वेळी कोपरा चेपलेला पुडा नव्हता.

दुपारी रामराव दोन पुडे घेऊन आले, तर जावई गायब. शिवकन्येला विचारलं, तर ती पदरात तोंड घालून हसत होती. द्वारकाबाई शोधत शोधत शेजारच्या झुंबरबाईच्या दारात गेल्या आणि तिथेच थबकल्या. चुलीपुढे पाटावर देवानंदराव बसले होते. हातात भाकरी, पुढ्यात पिठलं, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

"बाई, तुमचा पेशंट चौथीवर हाये," झुंबरबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली.

देवानंदराव अर्धवट उठले. "मामी, वासानं आलो. तुमच्याकडं मागितली असती, पण शिवकन्या म्हणली, आई रडंल."

द्वारकाबाईंचे डोळे भरले होतेच. पण मान राखायची सवय जुनी. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, गल्लीत कुणी नव्हतं.

"झुंबरे, पीठ माझ्या घरून ने. ऱ्हायलेले दिवस त्यांना हितंच जेवू घाल. पण गावात कुणी इचारलं तर आमचा जावई ब्रेडवरच हाये."

"अन् ब्रेडचं काय करता?"

त्याची सोय सोपी होती. एवढ्या महागाचा माल टाकून थोडाच देणार? एक पुडा रामरावांनी संपवला, रोज दोन वेळा, चहात बुडवून. उरलेला बंद पुडा शिवकन्येच्या पिशवीत घातला.

पंधरा दिवसांनी द्वारकाबाई लेकीला भेटायला पुण्याला गेल्या. विहीणबाई चांगुणाबाईंनी आग्रहानं पाटावर बसवलं. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा थप-थप आवाज येत होता. सकाळपासून एसटीत उपाशी असलेल्या द्वारकाबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं.

"देवानंदला आता भाकरीच लागती," चांगुणाबाई सांगू लागल्या. "माळ्यावरचा तवा काढावा लागला. घरचं माणूस, चालतं. पण विहिणीला पहिल्यांदा भाकर वाढायची म्हंजे..."

आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं. ताटात ब्रेडचे चार काप होते, मधे पुरण, वर तुपाची धार.

"तुमच्याकडं मानाच्या पाव्हण्याला हेच करतेत ना? तुमचाच पुडा हाये, फ्रीजमधी जपून ठेवला होता."

दारात भाकरीचा तुकडा मोडत उभे असलेले देवानंदराव एकदम छताकडे पाहू लागले.

द्वारकाबाईंनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि मग म्हणाल्या, "छान झालंय, विहीणबाई."

चांगुणाबाईंनी आणखी चार काप वाढले.